बांगडीच्या रंगाची कॉफी

सावळीरामआबांच्या क्रेटमध्ये लाल टोमॅटो आजवर कुणाला सापडला नव्हता. नाशिकच्या मार्केटातले व्यापारी त्यांच्या मालात हात घालून बघायचेही नाहीत. क्रेटवर पांढऱ्या रंगात ‘सावळीराम’ एवढं नाव दिसलं की आत काय असणार ते ठरलेलं असे. देठाशी हिरवा, बुडाशी नुसता रंग फुटलेला, हाताला टणक. असा टोमॅटो वाटेत पिकतो, द्वारका चौकाच्या गर्दीत टेम्पो अडकला तर जरा जास्तच पिकतो, आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेस्तोवर लालभडक होतो. “टोमॅटो लाल खायचा, लाल इकायचा नाय,” असं आबा सगळ्यांना सांगत. कुणी विचारलेलं नसे, तरी सांगत.

तोडणीच्या बायकांचे हात त्यांनी असे तयार केले होते की झाडावर एखादं फळ लाल होऊन गेलेलं असलंच तर ते क्रेटमध्ये जायचंच नाही. ते ‘बदला’ माल म्हणून बाजूच्या घमेल्यात पडायचं, आणि घमेलं शेळ्यांपुढे जायचं.

अशा माणसाच्या घरात सून आली ती कॉफीचं वेड घेऊन.

शुभांगी सटाण्याकडची. लग्नानंतर ती आणि आबांचा मुलगा शेखर कुर्गला फिरायला गेले. बाकीची जोडपी तिथून फोटो आणतात. ही पोरगी चार दिवस बागांमधून हिंडली, दिसेल त्या माळ्याला प्रश्न विचारत राहिली आणि परत येताना रोपवाटिकेचा पत्ता घेऊन आली. शेखर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. शेतीतलं आपल्याला काही कळत नाही हे त्याला चांगलं कळत होतं, त्यामुळे तो कशाच्याच आड आला नाही.

घराच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे चढत जाणारा त्यांचा एक तुकडा होता. फणस, आंबे, जांभळी, खाली नुसती करवंदीची जाळी. उतारावर भाताला पाणी ठरत नाही आणि सावलीत टोमॅटो धरत नाही, म्हणून तो पडूनच होता. आबांच्या मनात होतं की झाडं काढावीत, गावातल्या हिरामणचा जेसीबी फिरवून जमीन सपाट करावी आणि टोमॅटो लावावा. शुभांगी म्हणाली, “आबा, झाडं राहू द्या. कॉफीला सावलीच लागते. आणि उतार असला म्हणजे आपल्या इगतपुरीचा पाऊस मुळाशी साचत नाही. फणसांवर मिरीचे वेल चढवू, म्हणजे एकाच जागेत दोन पिकं.”

“आन पिनार कोन? आपल्या गावात चहा सोडून कुनी काय पितं का?”

“नाशिकमध्ये पितात.”

आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि घरच्यांसमोर जाहीर केलं, “पहिलं पीक इकून दाखव. नाय इकलं तर हिरामणला बोलवीन.” शुभांगी म्हणाली, “बोलवा.” तिने रोपं लावली, आणि तेव्हापासून हिरामण दर दिवाळीला विचारायचा, “आबा, जेसीबी कधी आनू?” आणि आबा म्हणायचे, “थांब जरा.”

हे ‘थांब जरा’ पुढेपुढे का मवाळ होत गेलं ते आबांनी कुणाला सांगितलं नाही. झालं असं की गेल्या मार्चमध्ये शुभांगीने त्या तुकड्यात तुषार सिंचनाने पाणी दिलं, आणि थोड्याच दिवसांत सगळी झाडं पांढऱ्या फुलांनी भरून गेली. वास थेट मोगऱ्याचा. आबा शेळ्या बघायच्या निमित्ताने वर गेले आणि दुपार संपेपर्यंत खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही गेले. सगुणाबाईंना कळलं, कारण ओसरीतलं गोणपाट रोज जेवणानंतर नाहीसं व्हायचं. नवऱ्याला एखादी गोष्ट आवडली की तो ती कबूल करायला पिकाएवढाच वेळ घेतो, हे त्यांना संसारात पुरतं कळलं होतं.

डिसेंबर लागला आणि झाडांना फळं लगडली. नाशिकला गंगापूर रोडवर वेदिका नावाच्या मुलीचं कॉफीचं दुकान होतं. बी ती स्वतः भाजायची आणि चांगल्या मालाच्या शोधात असायची. शुभांगीने तिला गाठलं होतं. वेदिका म्हणाली होती, “मोठमोठे बागवाले आहेत, त्यांच्याशी वजनात तुम्ही टिकणार नाही, ताई. चवीत टिका. मला लाल फळ द्या, लाल म्हणजे पूर्ण लाल. मी गुरुवारी येऊन बघते. पटलं तर सगळं पीक माझं.”

नेमकं त्याच आठवड्यात सटाण्याला शुभांगीच्या भावाचं लग्न आलं. ती आणि शेखर निघाले. निघताना ती सासूला सांगून गेली, “आई, तोडायची घाई नाही. मी बुधवारी येते, मग लाल तेवढी तोडू.”

ओसरीवर बसलेल्या आबांनी हे ऐकलं. नीट ऐकलं.

सोमवारी आभाळ भरून आलं. मोबाईलवर अवकाळीचा मेसेज आला. आबा वर जाऊन बघून आले. उतारावरच्या खालच्या अर्ध्या भागात फळं बरीच पुढे गेली होती. काही तर लालबुंद होऊन बसली होती. ही पोरगी बुधवारी येणार, माल तोवर झाडावरच पिकून जाणार, वरून पाऊस पडला तर फुटून जाणार. वेदिकाला लाल फळ पाहिजे? बरोबर आहे. दुकानात पोचल्यावर लाल पाहिजे. मग इथून निघताना काय पाहिजे? नुसता रंग फुटलेलं. हे त्या शहरातल्या पोरीला काय माहीत, आणि शुभांगीचं तरी हे पहिलंच पीक. फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं. पण तिकडे हळद चालू असणार. आणि खरं सांगायचं तर आबांना तिला चकित करायचं होतं.

त्यांनी टोमॅटोच्या बायका बोलावल्या. दिवसभरात खालचा अर्धा तुकडा तोडून झाला. पिवळसर, तांबूस, नुकती लाली चढू लागलेली फळं क्रेटमध्ये, आणि लालबुंद झालेली ‘बदला’ म्हणून घमेल्यात. आबा स्वतः घोटीला जाऊन कोरे क्रेट घेऊन आले होते, सोबत पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि हात पुसायला थिनर. क्रेटच्या तळाशी त्यांनी भाताचा पेंढा घातला. मग ओसरीत बैठक मारून जन्मात पहिल्यांदा क्रेटवर स्वतःचं सोडून दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं. प्रत्येक क्रेटवर, ठळक अक्षरात, ‘शुभांगी’. रंग वाळल्यावर, तिला एकदम दाखवायचं म्हणून, नावाची बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली.

सगुणाबाई घमेलं उचलून म्हणाल्या, “अहो, ही लाल फळं शेळ्या खाईनात. तोंड लावत्यात आन सोडून देत्यात.”

“मंग टाक उकिरड्यावर.”

सगुणाबाईंनी आयुष्यात खाण्याजोगी वस्तू उकिरड्यावर टाकली नव्हती. त्यांच्या मते वाळवता येत नाही असं जगात काही नसतं. त्यांनी अंगणातल्या खाटेवर शेडनेट ताणलं, त्यावर फळं पसरली आणि कुरडया वाळवाव्यात तशी येताजाता हाताने खालवर करू लागल्या. काय होईल ते होईल, निदान चुलीला तरी लागतील, असं त्या म्हणाल्या.

अवकाळी आला नाही. दोन थेंब टाकून आभाळ मोकळं झालं. मंगळवारी सकाळी आबांनी क्रेटवरचं गोणपाट उचलून बघितलं. फळं होती तशीच. टोमॅटो असता तर एव्हाना निम्मा रंगला असता. दुपारी परत बघितलं. संध्याकाळी परत. पिवळी पिवळीच राहिली होती, हिरवट हिरवटच राहिली होती, आणि काहींवर तपकिरी डाग पडायला लागले होते.

“काय, पिकली का?” सगुणाबाईंनी चुलीजवळून विचारलं.

“पिकतील,” आबा म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

बुधवारी शुभांगी आली. हाताची मेंदी अजून ताजी होती. पिशवीत लग्नातले लाडू होते. तिने ओसरीतले क्रेट बघितले, गोणपाट उचललं आणि मूठभर फळं हातात घेतली. रागावली की ती नकळत माहेरच्या अहिराणी बोलीत जायची. आत्ताही तिच्या तोंडून तेच निघालं, “हाई काय शे?”

आबा खाटेकडे बघत राहिले.

“आबा, कॉफी तोडल्यावर पिकत नाही. टोमॅटोसारखी नसते ती. जेवढी झाडावर पिकेल तेवढीच.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर आबांना बरं वाटलं असतं, भांडणात ते कुणाला हार जात नसत. ती फळं क्रेटमध्ये परत ठेवत म्हणाली, “तुम्हाला ती जागा टोमॅटोलाच पाहिजे होती, तर मला सरळ सांगायचं होतं. मी ऐकलं असतं.”

आणि ती आत गेली. शेखरही पिशव्या घेऊन तिच्या मागे गेला.

आबा तिथेच बसून राहिले. पीक गेलं याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठी गोष्ट आता त्यांच्या ध्यानात आली. कॉफीला नाही म्हणणारा तोच म्हातारा, जेसीबीची धमकी देणारा तोच, आणि सून माहेरी गेल्यावर अर्धा माल कच्चा तोडणाराही तोच. हे मुद्दाम केलं नाही यावर कोण विश्वास ठेवणार? तिच्या जागी असतो तर आपणही ठेवला नसता. पोरीने या घरात आल्यापासून जेवढं काय मिळवलं होतं ते त्या उतारावर होतं, आणि आपण ते आपल्या हाताने खुडलं असं तिला वाटत होतं. गोणपाट घेऊन फुलांखाली बसायचो हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुपारी घर जरा शांत झालं तेव्हा शुभांगी पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली. आबा ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. क्रेट त्यांनी आपल्याकडे वळवून घेतले होते. थिनरचा वास सुटला होता आणि आबा फडक्याने क्रेटचं एक अंग खसाखसा घासत होते.

“काय पुसताय, आबा?”

“काय नाय. रंग लागलाय.”

ती जवळ आली. आबांनी फडकं त्या जागेवर दाबून धरलं. तिने ते हळूच बाजूला केलं. क्रेटवर फक्त ‘शु’ उरला होता. पुढचं पुसून पांढरा ओरखडा झाला होता. शेजारच्या क्रेटवर नुसते ओरखडे होते, त्याच्या शेजारच्यावरही.

“हे सगळ्यांवर लिहिलं होतं?”

आबांनी थिनरच्या बाटलीचं झाकण लावलं. मग खाली मान घालून म्हणाले, “माल लय चांगला जाईल असं वाटलं होतं, म्हनून लिव्हलं. आता माल खराब निघाला. खराब मालावर तुजं नाव नको.”

शुभांगी त्या क्रेटसमोर उकिडवी बसली. आबांच्या नावाचा क्रेट मार्केटात बघितला की व्यापारी हात न घालता बोली लावतात, हे तिने या घरात आल्या दिवसापासून ऐकलं होतं. त्या माणसाने स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग हसूही आलं, दोन्ही एकदम. “आबा,” ती म्हणाली, “मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलं.”

“मलाबी तसंच वाटलं असतं.”

“मग बोलला का नाही?”

“बोलायची सवय नाय ती,” आतून सगुणाबाई म्हणाल्या. “मार्चात रोज वर जाऊन फुलांखाली झोपायचे, ते तरी कुठं बोलले? माजं गोनपाट अजून मिळालं नाय.”

आबांनी बायकोकडे असं बघितलं की जणू तिने लिलावाआधीच भाव फोडला. शुभांगीने मात्र त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि त्या शेवटच्या क्रेटवरचा ‘शु’ तसाच ठेवला.

गुरुवारी वेदिका आली. शुभांगी म्हणाली, “तोडणीत चूक झाली.” आबा लगेच पुढे झाले. “चूक झाली नाय, म्या केली. टोमॅटोच्या हिशेबानं तोडली.” वेदिकाने एक पिवळट फळ दाताखाली धरलं, तोंड वाकडं केलं आणि मान हलवली. हा माल तिच्या कामाचा नव्हता. तो स्वस्तात कुणालातरी देऊन टाकावा लागणार होता. “पण वरचा अर्धा भाग अजून झाडावर आहे ना?” तिने विचारलं. “तो तरी थांबू द्या.”

परत निघताना तिची नजर अंगणातल्या खाटेवर गेली आणि ती थबकली. सगुणाबाई फळं खालवर करत होत्या. बेदाण्यासारखी ती सुरकुतायला लागली होती, आणि अंगणभर गोडसर वास पसरला होता.

“काकू, हे काय आहे?”

“बदला माल. लाल होऊन गेल्याला. फेकवना, म्हनून घातला वाळत.”

वेदिकाने एक फळ फोडून हुंगलं. मग दुसरं. “काकू, ही अख्खी फळं अशीच वाळवायची पद्धत आहे. लोक मुद्दाम करतात. फक्त बुरशी लागू देऊ नका, रात्री झाकून ठेवा, आणि खडखडीत होईपर्यंत असंच हलवत राहा. मी परत येते. चव बघितल्याशिवाय मात्र काही कबूल करत नाही.”

म्हणजे सगळं आता खाटेवरच्या घमेलाभर फळांवर आणि वरच्या अर्ध्या तुकड्यावर आलं. वरचा तुकडा तोडायला पुन्हा त्याच बायका येणार होत्या, आणि त्यांचे हात आबांनीच टोमॅटोवर घडवले होते. ‘लाल’ म्हटलं की एकीच्या डोळ्यांपुढे गुलाबी यायचं, दुसरीच्या शेंदरी. आबा एक दिवस विचार करत बसले. मग घोटीच्या बाजारातून कासाराकडून गडद लाल काचेच्या बांगड्या घेऊन आले. प्रत्येकीच्या डाव्या हातात एकेक भरायला लावली. “फळ बांगडीला लावून बघायचं,” ते म्हणाले. “जुळलं तर तोडायचं. नाय जुळलं तर झाडाला तसंच राहू द्यायचं. एका फेरीत उरकायची घाई नाय, परत परत यायचं.”

“आन तुमच्या हातात, आबा?” एकीने विचारलं. सगळ्या खुसखुसल्या. आबांनी गंभीरपणे मनगटावरचा देवळातला लाल दोरा दाखवला. तो बांगडीपेक्षा फिका होता, म्हणून सगुणाबाईंनी दुसरा गडद बांधला.

मधल्या दिवसांत हिरामण एकदा डोकावला. “आबा, ऐकलं की कॉफी गेली. जेसीबी आनू का?”

“आन की,” आबा म्हणाले. “खाली खत टाकायला खड्डा पायजे. फळांची सालं, पालापाचोळा, शेणखत सगळं त्यात कुजवायचंय. झाडाला हात लावलास तर मात्र जेसीबी ठिवून घेईन.”

जानेवारी सरत आला तेव्हा वेदिका छोटं भाजायचं यंत्र घेऊन अंगणात उतरली. खाटेवरची फळं वाजत होती. साल काढून, भाजून, दळून तिने कप मांडले आणि चव पारखायला चमचा तोंडाशी नेऊन असा मोठा भुरका मारला की शेळ्यांनीही वळून बघितलं. आबा हळूच सगुणाबाईंना म्हणाले, “आमी असं प्यालो असतो तर आईनं पाठीत घातलं असतं.” पण त्यांचा हात दोऱ्याशी चाळा करत होता.

वेदिकाने दुसरा भुरका मारला. डोळे मिटले. “करवंद,” ती म्हणाली. “आणि मागून जरा गूळ. ही मी घेते. सगळी. पुढच्या वर्षी काकूंना खाटा वाढवायला लागतील.” मग ती शुभांगीकडे वळली. “वरच्या तुकड्यातली फळं अशीच असली तर ती पण घेते. कायमची घेते. पण आधी बघणार.”

वरून बायका भरलेले क्रेट घेऊन उतरतच होत्या. शुभांगीने पहिलाच क्रेट खाली ठेवून घेतला. वरची फळं सगळेच चांगली लावतात, हे मार्केटवाल्याच्या घरात राहून तिला कळलं होतं. तिने अंगणात ताडपत्री पसरली आणि अख्खा क्रेट तीवर पालथा केला. सगळे वाकून बघू लागले. वेदिकाने हाताने फळं पसरली, तळाची वर आणली. गडद लाल, सगळी एकसारखी, शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या बांगडीशी जुळणारी. हिरवं एकही नव्हतं.

वेदिका हसली आणि तिने शुभांगीचा हात हातात घेतला.

आबा पुढे झाले. त्यांनी बंडीच्या खिशातून पांढऱ्या रंगाचा छोटा डबा काढला. तो ते किती दिवस खिशात घेऊन फिरत होते ते कुणाला ठाऊक नव्हतं. ब्रश हातात धरून ते सुनेकडे बघत उभे राहिले. हा माणूस परवानगी मागतो आहे, हे सगुणाबाईंनी तरी पहिल्यांदाच बघितलं.

“लिहा, आबा,” शुभांगी म्हणाली.

ते ओसरीत गेले आणि भिंतीकडे फिरवून ठेवलेला तो एक क्रेट घेऊन आले. त्यावर ‘शु’ अजून तसाच होता. आबा खाली बसले आणि ओरखड्यांवरून ब्रश फिरवत त्यांनी पुढची अक्षरं लिहिली. मग शुभांगीने त्यात ताडपत्रीवरची फळं भरली. आबांनी भरलेला क्रेट उचलला आणि नावाची बाजू रस्त्याकडे करून वेदिकाच्या गाडीत ठेवला.